पंधरा गुणांची शर्यत: कोच जो व्हिजिल आणि अलामोसाची पोरं

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी मध्येमध्ये भरकटलो होतो ते कापलंय, आकडे मात्र सगळे ठेवलेत, कारण तुमच्यापैकी बरेच जण ते पुन्हा बघायला इथे येतात.

सुरुवात एका सोप्या गणिताने करूया. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माळावर, गवतावर, चढउतारावर होणारी लांब पल्ल्याची शर्यत. अमेरिकन कॉलेजांमध्ये हा सांघिक खेळ आहे. एका संघाचे सात जण पळतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक धरले जातात आणि त्या क्रमांकांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. ज्याचे गुण सर्वात कमी तो जिंकला. राष्ट्रीय स्पर्धेत देशभरातले संघ असतात, त्यामुळे ७०-८० गुण झाले तरी विजेतेपद मिळून जातं.

मग कमीत कमी किती गुण होऊ शकतात? एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच, म्हणजे पंधरा. त्याच्या खाली जायला जागाच नाही. पंधरा गुण याचा अर्थ पहिल्या पाच जागांवर एकाच कॉलेजची पोरं, मध्ये दुसऱ्या कुणाचाही शर्ट नाही. गावातल्या दोन कॉलेजांच्या लढतीत हे होऊन जातं. राष्ट्रीय स्पर्धेत होईल असं कुणी धरूनही चालत नाही.

१९९२ साली एनसीएएच्या डिव्हिजन दोनच्या राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धेत अ‍ॅडम्स स्टेट नावाच्या कॉलेजच्या पुरुष संघाने पंधरा गुण केले. पहिला आला फिल कॅस्टिलो, आणि त्याच्या मागोमाग त्याचेच चार सोबती. त्यांचा कोच तेव्हा साठी ओलांडलेला होता. त्याचं नाव जो व्हिजिल.

आता हे कॉलेज कुठे आहे ते बघा, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

कोलोरॅडो राज्याच्या दक्षिणेला सान लुईस खोरं आहे. खोरं म्हटलं की आपल्याला खाली, उबदार, हिरवं काहीतरी वाटतं. हे तसं नाही. हे एक प्रचंड सपाट पठार आहे, चहूबाजूंनी डोंगर, आणि त्या पठाराचीच उंची जवळजवळ २३०० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर उभं राहून आणखी साडेसहाशे मीटर वर जायचं, तिथे यांचं बसस्टँड. बटाट्याची शेती, गावातून जाणारी रिओ ग्रांद नदी, थोड्या अंतरावर वाळूच्या भल्यामोठ्या टेकड्या, आणि हिवाळ्यात शून्याखाली तीस अंशांपर्यंत जाणारी थंडी. गावाचं नाव अलामोसा. राजधानी डेन्व्हर साडेतीनशे किलोमीटरवर. मोठ्या शहरातला गुणी धावपटू स्वतःहून इथे कशाला येईल?

व्हिजिल मात्र इथलेच. जन्म १९२९ चा, याच खोऱ्यातल्या अँटोनिटो या छोट्या गावातला. खोऱ्यात कित्येक पिढ्या राहिलेल्या स्पॅनिश भाषक समाजातले. नौदलात काही काळ काढून ते अ‍ॅडम्स स्टेटमध्ये शिकले, आणि तिथे खेळले काय, तर अमेरिकन फुटबॉल! त्यानंतर अलामोसाच्या हायस्कूलमध्ये मास्तरकी आणि कोचिंग. १९६५ साली ते आपल्याच जुन्या कॉलेजात कोच म्हणून परत आले आणि १९९३ पर्यंत तिथेच राहिले. जिथे लहानाचे मोठे झाले, जिथे शिकले, तिथेच सगळी नोकरी. आमच्या क्षेत्रात तीन वर्षं एका जागी टिकलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघतात, म्हणून हे मला मुद्दाम सांगावंसं वाटलं.

ते कॉलेजात आले आणि तीनच वर्षांत सगळ्या जगाला या असल्या उंचीची अचानक गरज पडली. १९६८ चं ऑलिम्पिक मेक्सिको सिटीला होतं, २२४० मीटरवर. लांब पल्ल्याच्या धावपटूंचं तिथे काय होणार याची सगळ्यांना धास्ती होती. अमेरिकेने मॅरेथॉनची निवड शर्यत मुद्दाम उंचावर घ्यायचं ठरवलं आणि जागा ठरली अलामोसा. बडी एडेलन हा त्या काळचा नावाजलेला मॅरेथॉनपटू तेव्हा अ‍ॅडम्स स्टेटमध्ये शिकवत होता. एडेलन आणि व्हिजिल यांनी ही शर्यत गावात आणण्यासाठी खटपट केली. देशातले चांगले चांगले धावपटू त्या उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे आधी अलामोसात येऊन राहिले, पळाले, धापा टाकल्या. ऑगस्टमध्ये शर्यत झाली. जॉर्ज यंग पहिला, केनी मूर दुसरा, रॉन डॉज तिसरा.

मेक्सिकोत पुढे काय झालं? तिघेही पहिल्या पंचवीसात आले: मूर चौदावा, यंग सोळावा, डॉज बाविसावा. पदक नाही मिळालं, पण कुणी कोलमडलंही नाही. आणि त्याच मेक्सिकोत ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, ज्याच्या नावावर विक्रमांची रांग होती, १०,००० मीटरच्या शेवटी बेशुद्ध पडला. ती शर्यत जिंकली केनियाच्या नफ्ताली टेमूने, मॅरेथॉन इथिओपियाच्या मामो वोल्डेने. दोघेही उंचावरच्या देशांतले.

इथे थोडं विज्ञान, पटकन. उंचावरच्या हवेत ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो. प्रमाण तेच असतं, साधारण २१ टक्के. कमी असतो तो हवेचा दाब, म्हणून एका श्वासात आत जाणारा ऑक्सिजन कमी. शरीर त्यावर काही आठवड्यांत उपाय काढतं: रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं. हा झाला फायदा. तोटा असा, की तिथे तुम्हाला वेगात पळताच येत नाही. पाय तयार असतात पण हवा पुरत नाही, मग सराव मंद होतो आणि मंद सरावाने धावपटूही मंद होतो. त्यामुळे उंचीचा उपयोग करून घ्यायचा तर किती पळायचं, किती वेगाने, मध्ये विश्रांती किती, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. मैदानावरचं वेळापत्रक तसंच्या तसं वर नेलं तर माणूस मोडतो.

व्हिजिल याच प्रश्नाला भिडले. नुसतं स्टॉपवॉच हातात धरून "पळा रे" म्हणणारा हा कोच नव्हता. व्यायामाचं शरीरशास्त्र या विषयात न्यू मेक्सिको विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट, ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता ही भाषा आज आपल्या मनगटावरचं घड्याळसुद्धा बोलतं, पण त्या काळी बटाट्याच्या गावातला एक कोच त्या भाषेत सरावाची आखणी करत होता हे विशेष आहे. १९९५ साली त्यांनी हे सगळं 'रोड टू द टॉप' या पुस्तकात मांडलं.

पण मला एक शंका सतत येत राहिली. उंची तर फुकट आहे. कोलोरॅडोत उंचावरची गावं ढिगाने आहेत. शरीरशास्त्राची पुस्तकं कुणालाही विकत घेता येतात. मग पंधरा गुण अलामोसालाच का?

कागदावरची यादी आधी बघून घेऊ. १९७१ साली अ‍ॅडम्स स्टेटने क्रॉस कंट्रीचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, ते एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या संघटनेत. पुढे कॉलेज एनसीएएच्या डिव्हिजन दोनमध्ये गेलं. व्हिजिल यांच्या काळात एकूण १९ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं, ८७ वैयक्तिक राष्ट्रीय विजेते आणि ४२५ 'ऑल अमेरिकन'. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक क्रमांकाच्या आत आलेल्या खेळाडूंना हा बहुमान मिळतो.

आता कुणीतरी म्हणणारच, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे, की डिव्हिजन दोन म्हणजे काही डिव्हिजन एक नव्हे. मोठ्या विद्यापीठांकडे जास्त शिष्यवृत्त्या, जास्त पैसा, जास्त गुणी पोरं. रणजीच्या प्लेट गटात धावांचा डोंगर रचला म्हणून कुणी लगेच भारतीय संघात जात नाही. मग या १९ विजेतेपदांची किंमत किती धरायची?

याचं उत्तर पॅट पोर्टर. हा पोरगा शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांनी मागे लागावं असा नव्हता. तो अलामोसाला आला, अ‍ॅडम्स स्टेटमधून पदवी घेतली आणि नंतरही तिथेच राहून पळत राहिला. अमेरिकेच्या खुल्या राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धेत कसलीही डिव्हिजन नसते. तिथे मोठ्या विद्यापीठांचे माजी विजेते येतात, बुटांच्या कंपन्यांचे पगारी धावपटू येतात. पोर्टरने ती स्पर्धा १९८२ ते १९८९ सलग आठ वेळा जिंकली. १९८४ आणि १९८८ अशा दोन ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर पळाला. प्लेट गटाचा मुद्दा माझ्यापुरता इथे निकालात निघाला.

पोर्टरच्या गोष्टीतला एक तपशील सहज निसटतो. तो पदवीनंतर राहिला. अमेरिकन धावपटूचं आयुष्य साधारण असं असतं: शाळेत संघ, कॉलेजात संघ, बाविसाव्या वर्षी हातात पदवी आणि त्या दिवशी संघ संपला. कोच संपला, सोबत संपली, जेवणाची सोय संपली. पण लांब पल्ल्याचा धावपटू खऱ्या अर्थाने पिकतो सत्ताविशी-तिशीत. म्हणजे नेमकी जी पाच-सात वर्षं सर्वात मोलाची, तेव्हाच तो एकटा. नोकरी सांभाळून पहाटे अंधारात एकट्याने पळणारे कितीतरी जण मग हळूहळू पळणं सोडून देतात. अलामोसात तसं झालं नाही. पोरं तिथेच राहिली, नवीन पोरांसोबत पळत राहिली, आणि नवीन पोरांना देशातल्या अव्वल धावपटूच्या मागे मागे पळायला मिळालं, रोज, फुकट. मला विचाराल तर पंधरा गुणांचं उत्तर इथे आहे. पाच जण एका रांगेत येतात ते वर्षानुवर्षं एका रांगेत पळालेले असतात म्हणून.

आपल्याकडे हेच काम कोण करतं? बऱ्याच अंशी सैन्य. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेत किंवा कॉलेजात नाही, महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर धावपटू झाला, आणि त्याची सुरुवातही २०१५ च्या सैन्यातल्या क्रॉस कंट्रीनेच झाली. पुढे २०२२ मध्ये तो सरावाला गेला तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला. व्हिजिल यांच्याशी त्याचा थेट संबंध काही नाही, राज्य तेवढं एक. पण जेवण, निवारा, सोबत आणि कोच एका जागी मिळाल्याशिवाय स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११ सेकंद होत नाहीत, हे बीडलाही लागू आणि अलामोसालाही.

असो, मूळ गोष्टीकडे. १९९३ साली व्हिजिल कॉलेजातून निवृत्त झाले.

खूप लोकांना त्यांचं नाव माहीत झालं ते यानंतरच्या एका प्रसंगामुळे. क्रिस्टोफर मॅकडूगलच्या 'बॉर्न टू रन' या गाजलेल्या पुस्तकात ते भेटतात: १९९४ ची लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत, तिथे पळायला आलेले मेक्सिकोतले ताराहुमारा आदिवासी, आणि त्यांच्या पळण्यातला आनंद टिपणारा हा म्हातारा कोच. पुस्तक झकास आहे. पण त्यामुळे व्हिजिल म्हणजे डोंगरावर बसून साक्षात्कार होणारे साधुपुरुष अशी एक प्रतिमा तयार झालीय, ती मला खटकते. तोवर त्यांची कॉलेजातली सगळी कारकीर्द होऊन गेली होती, पंधरा गुण होऊन दोन वर्षं झाली होती. आनंदाने पळावं हे त्यांना आदिवासींना बघून सुचलं असेल तर ४२५ पोरं आधी काय करत होती?

तर, निवृत्तीनंतर. १९९६ साली एका मुलीने त्यांच्याकडे शिकायची इच्छा धरली. डीना ड्रॉसिन, पुढे लग्नानंतर डीना कॅस्टर. कॅलिफोर्नियात शाळेच्या वयात ती राज्य विजेती होती, आर्कान्सा विद्यापीठात गेली, तिथे चांगली पळाली पण राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. कॉलेज संपलं आणि पळणं सोडायच्या बेतात होती. म्हणजे बाविशीचा तोच कडा. ती अलामोसाला आली, थंडीत, उंचावर, व्हिजिल यांच्या पोरांच्या मागे धापा टाकत पळायला लागली. तिचं २०१८ चं आत्मचरित्र बहुतांशी एवढ्यासाठीच आहे: अलामोसात तिचे पाय जेवढे बदलले त्याहून तिच्या डोक्यातली स्वतःशी बोलायची भाषा बदलली. व्हिजिल तिला वाचायला लावत, विचार करायला लावत, कुरकुर खपवून घेत नसत. पुढे २००० च्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत तिच्या घशात मधमाशी चावली, ती क्षणभर कोसळली, उठली आणि बारावी आली. २००२ आणि २००३ मध्ये त्याच स्पर्धेत रौप्यपदक.

पण एक डीना म्हणजे देश नव्हे. तेव्हा अमेरिकेची मॅरेथॉन किती खाली गेली होती ते ऐका. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला प्रत्येक देशाला तीन पुरुष आणि तीन स्त्रिया पाठवता येत होत्या. अमेरिकेतून गेले एक पुरुष आणि एक स्त्री. पात्रतेची वेळच बाकीच्यांकडे नव्हती! स्त्रियांमध्ये गेली क्रिस्टीन क्लार्क, अलास्कातली एक डॉक्टर, दोन मुलांची आई, जिने हिवाळ्यातला बराचसा सराव घरात ट्रेडमिलवर केला होता. ती बाई कमाल आहे, सिडनीत एकोणिसावी आली. पण तिच्या देशात एकट्याने ट्रेडमिलवर पळणं ही ऑलिम्पिकची तयारी होती, हे चित्र काही बरं नाही. आणि पुरुषांच्या निवड शर्यतीत दुसरा कोण आला होता? पीटर दे ला सेर्दा, १९९२ च्या त्या पाच जणांपैकी एक. दुसरा येऊनही घरी बसला.

व्हिजिल आणि बॉब लार्सन, हे दुसरे तसेच मुरलेले कॉलेज कोच, कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठातले, या दोघांनी २००१ साली कॅलिफोर्नियातच मॅमथ लेक्स या गावी धावपटूंचा एक गट उभा केला. गाव सुमारे २४०० मीटरवर, म्हणजे अलामोसाहून थोडं वरच. पण मॅमथला एक सोय होती जी अलामोसाला नव्हती: गाडीने तासाभराच्या आत तुम्ही बिशप गावी पोचता, १२५० मीटरच्या आसपास. राहायचं वर, झोपायचं वर, रक्त वर तयार होऊ द्यायचं, आणि वेगाचा सराव करायला खाली उतरायचं. उंचीचा तो जुना पेच, की तिथे जोरात पळता येत नाही, असा रस्त्याने सोडवला.

बाकी सगळं मात्र जुनंच. एक गाव, एक गट, सोबत पळणं, सोबत खाणं, रोज डोळ्यांसमोर असलेला कोच. बाविशीला तुटलेला कॉलेजचा संघ त्यांनी मोठ्या माणसांसाठी पुन्हा जुळवला. यात लार्सन यांच्याकडचा मेब केफ्लेझिगी होता, लहानपणी इरिट्रियातून निर्वासित म्हणून आलेला. आणि डीना होती.

२००३ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये डीनाने २ तास २१ मिनिटं १६ सेकंद वेळ दिली. अमेरिकेचा विक्रम जोन बेनॉइटच्या नावावर होता, १९८५ पासून, २ तास २१ मिनिटं २१ सेकंद. अठरा वर्षांत देशाची प्रगती पाच सेकंद. पण झाली.

मग २००४, अथेन्स. मॅरेथॉन गावातून सुरू होणारा मूळ रस्ता, ऑगस्ट महिना, संध्याकाळी सहाची सुरुवात आणि तापमान तिशीच्या बरंच वर. दहा किलोमीटरनंतर रस्ता चढायला लागतो तो पार बत्तिसाव्या किलोमीटरपर्यंत. इथे उंचीचा उपयोग थोडाच, खरी परीक्षा उन्हाची. या मंडळींनी मॅमथमध्ये कपड्यांवर कपडे चढवून घामाघूम होत सराव केला होता. शर्यतीआधी अंगात बर्फाची जाकिटं घालून बसले, म्हणजे शरीर सुरुवातीला जितकं गार तितका तापायला वेळ जास्त. आणि बेत असा, की सुरुवातीला मागे राहायचं. ऑलिम्पिकमध्ये सगळे पुढे पळत असताना मागे राहायला किती विश्वास लागतो, आणि तो फक्त स्वतःवरचा नाही, बेत आखणाऱ्यावरचाही, याचा विचार करा.

विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ छत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास रस्त्याच्या कडेला थांबली, रडत बसली. बाकीच्याही एकेक करत गळत गेल्या. डीना एकेकीला गाठत पुढे आली, शेवटच्या टप्प्यात इथिओपियाच्या एल्फेनेश अलेमूला मागे टाकलं आणि डोळ्यांत पाणी घेऊन स्टेडियममध्ये शिरली. जपानची मिझुकी नोगुची पहिली, केनियाची कॅथरीन न्देरेबा दुसरी, डीना कॅस्टर तिसरी, २ तास २७ मिनिटं २० सेकंद. १९८४ नंतर अमेरिकन स्त्रीला ऑलिम्पिक मॅरेथॉनचं पदक पहिल्यांदाच. आठवड्याने पुरुषांची शर्यत झाली आणि मेबने रौप्य घेतलं, १९७६ नंतर अमेरिकन पुरुषाचं पहिलं.

चार वर्षांपूर्वी ज्या देशाला तीन माणसं भरता आली नव्हती, त्याची ही दोन पदकं. दोन्ही एकाच गावातून. व्हिजिल तेव्हा ७४ वर्षांचे होते.

अलामोसातलं काम त्यांच्यामागे डेमन मार्टिन यांनी चालवलं, आणि अ‍ॅडम्स स्टेटची राष्ट्रीय विजेतेपदं येत राहिली. पुरुषांची आणि स्त्रियांचीही. एवढ्या थंडीत, एवढ्या लांब, पोरं अजूनही तिथे पळायला जातात.

पुढच्या भागात एड टेंपल आणि टेनेसी स्टेटच्या मुली. तोवर नमस्कार.